पाणी बदललं की झोआ मिटतात: वरचेवर उलटणारं कोरलचं दुखणं कसं सापडलं

तासगावला माझ्या मावसभावाची, दादाची, तीन फुटी रीफ टाकी आहे, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. ३६ × १८ × १८ इंच, दगडांची जागा वजा केली तर साधारण १६० लिटर पाणी. त्यात झोआ (दगडावर गुच्छाने वाढणारं, फुलासारखं उघडमीट करणारं मऊ कोरल), मशरूम आणि एक मोठं लेदर ही आणखी दोन मऊ कोरल, क्लाउनफिशची जोडी, एक क्लीनर कोळंबी आणि पाच-सहा टर्बो गोगलगायी. दादाची तीन वर्षं एकच तक्रार होती. दर पंधरा दिवसांनी तो वीस लिटर पाणी बदलायचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झोआ मिटायचे. आठवडाभर मूठ आवळल्यासारखे बसायचे, मग हळूहळू उघडायचे, आणि नीट उघडतात न उघडतात तोच पुढचं पाणी बदलायची वेळ यायची. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत हे हमखास. थंडीत आपोआप थांबायचं.

पहिल्या वर्षी त्याला वाटलं लाइट कमी पडतोय, म्हणून लाइट बदलला. दुसऱ्या वर्षी मीठ बदललं आणि आयोडीनची बाटली आणली. तिसऱ्या वर्षी अमिनो अ‍ॅसिड, व्हिटॅमिन, कोरल डिप (कोरल बुडवून किडे मारायचं औषध). प्रत्येक उपायानंतर आठ-दहा दिवसांनी झोआ उघडायचे, कारण ते तसेही उघडणारच होते, आणि त्याला वाटायचं औषध लागू पडलं. रोग हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं तीन वर्षं चाललं. या काळात त्याच्या दोन क्लीनर कोळंब्या गेल्या आणि झोआची एक सुंदर केशरी वसाहत विरघळून गेली. ती वसाहत त्याने मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मागवली होती आणि पहाटे सांगलीच्या स्टँडवर स्वतः जाऊन उतरवून घेतली होती.

मी मिरजेला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे आणि विश्रामबागेत घरी माझी स्वतःची छोटी मऊ कोरलची टाकी आहे. लॅबमध्ये काम करणाऱ्याला एक गोष्ट रोज दिसते: ताप हा रोग नसतो. मिटलेला झोआ हाही तापच. खारटपणा हलला तरी तो मिटतो, गोगलगाय अंगावरून गेली तरी मिटतो, पाण्यात विष आलं तरी तसाच मिटतो. कोरलच्या चेहऱ्यावरून कारण ओळखण्याचा प्रयत्न सोडला की पुढचं सोपं जातं.

इथे लिहिते ते मऊ कोरलबद्दल. कठीण सांगाड्याचे सगळे रीफ बांधणारे प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल आणि सी-फॅन २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत आहे, तीच ही यादी. मालवणच्या समुद्रातून कुणी ‘जिवंत दगड’ आणून देतो म्हणाला तर स्पष्ट नको म्हणा. किनाऱ्यावरचं ते जग आधीच पुरेसं सोसतंय.

आधी पाहायचं: आजारी कोण आहे

गेल्या दिवाळीच्या आधी मी तासगावला गेले तेव्हा पाणी बदलून तीन दिवस झाले होते आणि झोआ मिटलेले होते. टाकीसमोर बसल्यावर पहिली पंधरा मिनिटं मी कोरलकडे पाहिलंच नाही. बाकीच्यांकडे पाहिलं.

मासे वर येऊन तोंड मारत असतील, तर संशय ऑक्सिजनवर किंवा अमोनियावर. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरला जेमतेम ६.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो आणि ३० अंशांना सुमारे ६.२. गोड्या पाण्यापेक्षा हे आधीच कमी, त्यात वीज जाऊन पंप बंद पडला की काही तासांत मासे सांगतात. मासे ठणठणीत आहेत पण एकाच जातीचं कोरल आजारी आहे, तर किडा किंवा त्या जातीचा रोग. एकच वसाहत आजारी आणि शेजारची तीच जात बरी, तर जागेचा प्रश्न: लाइट, प्रवाह, किंवा डंख मारणारा शेजारी. सगळंच कोरल हळूहळू फिकट पडतंय, तर त्यांच्या ऊतींत राहणारं शैवाल कमी होतंय. मग तापमान, अति लाइट किंवा उपाशी पाणी तपासायचं.

दादाच्या टाकीत क्लाउनफिश मजेत दाणे खात होते. झोआ मिटलेले, मशरूम आक्रसलेले, लेदरचे पॉलिप (फुलासारखी बारीक तोंडं) आत. दोन गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत उताण्या पडल्या होत्या, पाय आत ओढलेला, आणि सरळ केल्या तरी काचेला धरत नव्हत्या. कोळंबी दगडामागे. मासा बरा आणि बिनकण्याचे सगळे आजारी, हे चित्र दिसलं की माझ्या डोक्यात दोनच नावं येतात: जड धातू किंवा कीटकनाशक. दोन्ही माशांच्या आधी कोळंबी, गोगलगाय आणि कोरलला धरतात.

दादाला हे समजावणं सोपं गेलं, कारण त्याची द्राक्षाची बाग आहे. द्राक्षाच्या पानावर पिवळा तेलकट डाग दिसला की तो आधी पान उलटं करतो. खाली पांढरी बुरशी असेल तर डाऊनी, आणि पानावर राख उडवल्यासारखी पावडर असेल तर भुरी. डाग पाहून थेट फवारा घेऊन कधी निघत नाही. टाकीपाशी मात्र त्याने तीन वर्षं पान उलटं केलंच नव्हतं.

मग पाहायचं: दुखणं कधी येतं

खारटपणा किंवा तापमान हललं असेल तर कोरल काही मिनिटांत, फार तर तासाभरात मिटतं. नवं पाणी ओतता ओतताच दिसतं. अल्कलिनिटीचा (पाण्याच्या आम्ल सोसायच्या ताकदीचा) मोठा झटका एक-दोन दिवसांत कळतो. धातू आणि विषं मात्रेनुसार काही तासांपासून काही दिवसांत. लाइट चुकीचा असेल तर आठवडे लागतात, नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर गेल्यामुळे येणारी उपासमार त्याहून सावकाश. म्हणून ‘कधी’ याचं उत्तर मिळालं की अर्धे संशयित आपोआप सुटतात.

दादाकडे टाकीची वही नव्हती. पण मोबाइलमध्ये तीन वर्षांचे फोटो होते आणि प्रत्येकावर तारीख. जेवण झाल्यावर आम्ही दोघं ओसरीवर बसलो. मिटलेल्या झोआचा प्रत्येक फोटो, त्याची तारीख, आणि त्याआधीचं पाणी कधी बदललं हे त्याच्या मिठाच्या डब्यावरच्या पेन्सिलच्या खुणांवरून जुळवलं. जूनअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत बहुतेक प्रत्येक पाण्यानंतर मिटलेले. डिसेंबर ते मे पाणी तसंच बदललं, तरी फुललेले. काही पाणीबदल मात्र पावसाळ्यातही निर्धोक गेले होते, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचे वाटले.

एवढ्यावर बरेच संशयित गेले. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळीस अंश होतात आणि पाणी एकतीसला टेकतं. तेव्हा त्याची टाकी उत्तम असायची, म्हणजे उष्णता नाही. लाइट वर्षभर तोच. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर तपासला तर तो खरंच चुकत होता. दादा तो आरओच्या पाण्याने शून्यावर लावायचा. तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) द्रावणाने लावायला हवा, कारण यातली पुष्कळ उपकरणं साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असतात आणि समुद्राच्या पाण्यात दीडेक पीपीटीने फसवतात. तो दोष दुरुस्त केला. पण तोही बारमाही होता. बारमाही कारण हंगामी दुखण्याचं मूळ असू शकत नाही.

घरचा आरओही असाच सुटला. तरी त्याच्याबद्दल सांगायला हवं, कारण सांगली-मिरजेतल्या निम्म्या टाक्यांचं दुखणं तिथेच असेल असं मला वाटतं. पिण्याच्या आरओला चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) अ‍ॅडजस्टर असतो. तो थोडं कच्चं पाणी पुन्हा मिसळतो, म्हणून ‘आरओचं पाणी’ म्हणून आपण ७०-८० टीडीएसचं पाणी टाकीत घालतो. बोअरचं पाणी असेल तर आणखी जास्त. हल्लीच्या बऱ्याच मशीनमध्ये आरोग्यासाठी तांब्याची कार्ट्रिज असते. माणसाला ते चालेल, कोरलला नाही. आणि पिण्याचं पाणी रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवायची आपली पद्धत तर फारच जुनी. टाकीसाठी पाणी मेंब्रेननंतर, अ‍ॅडजस्टर आणि कार्ट्रिजच्या आधी काढून घ्या, पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावा, टीडीएस मीटर शून्य दाखवेपर्यंत. दादाचं पाणी ७४ होतं. ते बदललं, पण संशयिताच्या यादीतून नाव कापलं.

डासांचं लिक्विड मशीन मात्र यादीत राहिलं, कारण डास पावसाळ्यातच. त्यातली पायरेथ्रॉइड गटातली औषधं मासे आणि कोळंबी दोघांनाही घातक असतात, आणि एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात घालतो. पण मशीन रोज रात्री चालू आणि दुखणं पंधरा दिवसांच्या तालावर, पाणी बदलण्याशी बांधलेलं. ताल जुळत नव्हता. मशीन शेजारच्या खोलीत नेलं, एवढंच.

उरलं काय? फक्त पावसाळ्यात, फक्त नव्या पाण्याबरोबर, आणि तेही प्रत्येक वेळी नाही.

आकडे

टेस्ट किट काढली. अल्कलिनिटी ८.३ डीकेएच (तिचं माप), कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३००, नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०६, अमोनिया शून्य, तापमान २६. मऊ कोरलच्या टाकीत यापेक्षा जास्त काही मागायचं नसतं. अल्कलिनिटी ७ ते ११ च्या मध्ये कुठेही चालते, ती रोज इकडून तिकडे हलू नये, बस.

दादा म्हणाला, “तांबं पण बघितलंया गं मी. दोन डाव. शून्य आलंय.”

ही किट नेमकी इथे दगा देते. टाकीत वापरायच्या साध्या कॉपर किटला ०.०५ मिलिग्रॅमच्या खालचं धड दिसत नाही. त्या किट मुळात माशांना तांब्याचं औषध देताना मात्रा पाहण्यासाठी असतात आणि ती मात्रा ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर. कोरल, गोगलगाय, कोळंबीला त्रास व्हायला इतकं लागतच नाही. त्यातून चुनखडीचे दगड आणि वाळू पाण्यातलं तांबं ओढून धरतात. दादाने तपासणी केली ती झोआ मिटल्यावर तीन-चार दिवसांनी. तोवर पाण्यातलं बरंचसं दगडात गेलेलं. शून्य आकड्याचा अर्थ ‘तांबं नाही’ असा घेऊ नका. ‘या किटला, आज, या पाण्यात दिसलं नाही’ इतकाच तो अर्थ.

किडे आणि कात

आकडे चांगले आले की लोक घाबरून वसाहत उपटून डिपमध्ये बुडवतात. त्याआधी रात्री, लाइट बंद झाल्यावर दोन तासांनी, लाल बॅटरीच्या उजेडात पाहा. झोआ खाणाऱ्या न्यूडीब्रँकचा (कवच नसलेल्या समुद्री गोगलगायीचा) रंग त्याच झोआसारखा असतो, दिवसा सहज सुटून जातो. देठांमध्ये पांढरी नागमोडी अंड्यांची फीत दिसली तर तोच. सनडायल गोगलगाय चपट्या जिन्यासारख्या कवचाची असते. पॉलिपच्या अंगावर टाचणीच्या डोक्याएवढे पिवळट-पांढरे फोड असतील तर झोआ पॉक्स. यातलं काही असेल तर झोआच झिजतात, मशरूम आणि गोगलगायींना त्याचं काही नसतं. दादाकडे आम्ही दोन रात्री पाहिलं, काही नव्हतं.

लेदरची गोष्ट वेगळी. लेदर मधूनमधून कात टाकतं: पॉलिप आत घेतं, अंगावर मेणचट चमकदार थर येतो, आठवडाभर, कधी दोन आठवडे मरगळलेलं दिसतं, मग थर सुटतो आणि आधीपेक्षा मोठं होऊन उभं राहतं. तेव्हा त्याला थोडा जास्त प्रवाह द्यायचा आणि हात लावायचा नाही. या काळात घातलेल्या औषधाचं श्रेय त्या औषधाला देऊ नका.

एक गोष्ट जिवाची आहे, ती नीट वाचा. झोआ आणि त्याचाच भाऊबंद पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन हे विष असू शकतं, आणि ते माणसाला मारू शकेल इतकं जहाल आहे. कापताना, घासताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नका. झोआ असलेला दगड उकळायचा नाही, त्यावर गरम पाणी ओतायचं नाही, सुक्या ब्रशने खरवडायचा नाही. वाफेतून ते घरातल्या सगळ्यांच्या छातीत जातं. काम करताना तोंडात धातूची चव, धाप किंवा अंगात कणकण आली तर थेट दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द सांगा.

फवारणीचं रजिस्टर

द्राक्षाचा माल बाहेर पाठवायचा असेल तर कोणत्या तारखेला काय फवारलं याची नोंद ठेवावी लागते. दादाचं रजिस्टर कपाटावर होतं. मी सहज मागितलं. कीटकनाशक डोक्यात होतं, तारखा जुळतात का पाहायचं होतं.

कीटकनाशकांच्या तारखा जुळल्या नाहीत. बोर्डो या बुरशीनाशकाच्या जुळल्या. पावसाळ्यातली बोर्डो, ऑक्टोबर छाटणीनंतर लगेच खोडा-ओलांड्यांवर मारलेली बोर्डो. तिच्यानंतरचं पहिलं किंवा दुसरं पाणी बदललं की झोआ मिटलेले. जे पावसाळी पाणीबदल निर्धोक गेले, त्यांच्या आधीचे पंधरा-वीस दिवस बोर्डो नव्हती. डिसेंबरनंतर मण्यात गोडी भरायला लागते, तेव्हा बोर्डो मारतच नाहीत.

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. एक टक्क्याचं मिश्रण करायला शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, आणि त्यात वजनाने चौथा हिस्सा तांबं. लॅबमध्ये लघवीतली साखर पाहायचं बेनेडिक्टचं द्रावण याच मोरचुदाचं, त्यामुळे तो निळा रंग माझ्या चांगल्या ओळखीचा.

पण बाग अर्ध्या किलोमीटरवर आणि टाकी दिवाणखान्यात. मग तांबं आलं कुठून? दादाचे हात? तो फवारणीनंतर आंघोळ करूनच घरात येतो. आम्ही बोलत होतो तेव्हा वहिनी भांडी आवरत होती. ती तिथूनच म्हणाली, “ते पांढरं डबडं? ते काय एकच हाय व्हय घरात? चार हायती. गडी घेऊन जात्यात की बागंला.”

रंगाच्या वीस लिटरच्या पांढऱ्या बादल्या, झाकणाच्या, घर रंगवलं तेव्हा उरलेल्या. चारही हुबेहूब. दादा मीठ कालवायला एक घ्यायचा, गडी मोरचूद भिजवायला एक घ्यायचे, काम झाल्यावर सगळ्या धुऊन परसात एकात एक घालून ठेवलेल्या. पुढच्या वेळी वरची येईल ती.

“तीनदा धुतल्याशिवाय मी मीठ घालत न्हाई तायडे,” दादा म्हणाला. आणि ते खरं होतं. पण बोर्डो पाण्याने जात नाही, म्हणून तर ती पावसाळ्यात मारतात. चुन्याबरोबर तांब्याचा जो थर बसतो तो साध्या पाण्यात फारसा विरघळत नाही, पानाला धरून बसतो. बादलीलाही तसाच धरतो. आम्ही चारही बादल्या उन्हात उलट्या केल्या. दोन बादल्यांच्या आत, तळाच्या कंगोऱ्यात आणि कडीच्या खाचेत बोटाला खरबरीत लागणारा निळसर-पांढरा थर होता. डोळ्यांनी पाहिलं तर वाळलेलं मीठ वाटावं.

खात्री करायची होती. कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये भिजवून तो कंगोरा घासला आणि पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत पिळला. बाहेर, मोकळ्या हवेत, हातमोजे घालून त्यावर अमोनियाच्या द्रावणाचे थेंब टाकले. आधी फिकट निळा गढूळपणा आला, आणखी काही थेंबांनी तो विरघळून शाईसारखा गडद निळा रंग. तांब्याची ही जुनी परीक्षा आहे. उरलेल्या दोन बादल्यांच्या बोळ्याला काही रंग आला नाही. घरी करणार असाल तर अमोनिया ब्लीचच्या आसपासही आणू नका, विषारी वायू होतो. अमोनिया नसेल तर दुसरा मार्ग: संशयित बादलीत आरओचं पाणी थोडं व्हिनेगर घालून दोन दिवस ठेवा आणि पानदेठ तपासणाऱ्या लॅबमध्ये त्यातलं तांबं मोजून मागा. पानदेठाच्या अहवालात तांबं असतंच, त्यामुळे उपकरण त्यांच्याकडे असतं. समुद्राचं खारं पाणी मात्र त्यांना देऊ नका, इतक्या मिठात आकडा भरवशाचा येत नाही.

किती तांबं लागतं, हा हिशेब मी दादाला कागदावर करून दाखवला. १६० लिटर पाण्यात ०.०५ मिलिग्रॅम प्रतिलिटर व्हायला एकूण ८ मिलिग्रॅम तांबं पुरे. म्हणजे सुमारे ३२ मिलिग्रॅम मोरचूद. नखाच्या टोकावर मावेल एवढं.

तरीही बशीतला निळा रंग म्हणजे बादलीत तांबं आहे, इतकंच सिद्ध झालं. झोआ त्याच्यामुळेच मिटतात हे सिद्ध व्हायला एक पायरी बाकी होती. एकच मीठ, एकच आरओ-डीआय पाणी, एकाच वेळी कालवलं: अर्धं निळ्या थराच्या बादलीत, अर्धं अन्न ठेवायच्या दर्जाच्या नव्या जारमध्ये. दोन्हींत एक दिवस पंप फिरवला. मग दोन काचेच्या बरण्या, दोन्हींत एअर ट्यूब, २६ अंश, आणि माझ्या टाकीतल्या एकाच वसाहतीचे तीन-तीन पॉलिपचे दोन तुकडे. पहिल्या संध्याकाळी दोन्ही उघडे. दुसऱ्या सकाळी जारच्या पाण्यातला उघडा, बादलीच्या पाण्यातला अर्धवट. दुपारी तो पूर्ण मिटला. लगेच चांगल्या पाण्यात हलवला, पाच दिवसांनी उघडला. तुमच्याकडे कोणताही संशय असो, मीठ, पाणी, भांडं, पंप, ही दोन बरण्यांची परीक्षा करा. फक्त दोन्हींत एकच गोष्ट वेगळी ठेवा.

टाकी धुऊन काढायची नाही

तांबं आहे म्हटल्यावर दादा सगळे दगड बदलायला निघाला होता. मी थांबवलं. दगडातले जिवाणू गेले तर अमोनिया चढतो आणि जे तगलंय तेही जातं.

नव्या जारमध्ये कालवलेलं पाणी आठवड्याला वीस लिटर, असं आठ आठवडे बदललं. त्याहून जास्त नाही, कारण आजारी कोरलला मोठे झटके सोसत नाहीत. सम्पमध्ये (टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत) ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन आणि धातू शोषणारी पॉली-फिल्टर पॅड. या पॅडचा एक फायदा असा की तांबं धरलं की ती निळसर होते. पहिली पॅड बारा दिवसांत कडेने निळसर-हिरवी झाली, दुसरी महिन्याने किंचित, तिसरी फक्त तपकिरी. आकड्यांनी जे दाखवलं नाही ते पॅडच्या रंगाने दाखवलं. आयोडीन, अमिनो, व्हिटॅमिन सगळं बंद. लाइट थोडा कमी. खाणं नेहमीसारखं.

त्याच निमित्ताने बाकीचं धातूचं सामानही पाहून घेतलं. मीठ ढवळायच्या पंपाजवळचा पितळी कॉक काढून प्लॅस्टिकचा लावला, पितळेत तांबंच असतं. काच पुसायच्या चुंबकाची एक बाजू गंजलेली होती, तीही टाकली. नवं मीठ आता किमान बारा तास पंपावर फिरवून, पाणी काचेसारखं स्वच्छ झाल्यावर, खारटपणा ३५ आणि तापमान टाकीइतकं करूनच घालतो. नवा जार स्वयंपाकघरात राहतो, वहिनीच्या ताब्यात, आणि त्यावर दादाच्या धाकट्या मुलीने तेलरंगाने मोठा मासा काढलाय. गड्यांना वाचायला लागू नये म्हणून.

डिसेंबरात झोआ उघडे होते, पण डिसेंबरात ते दरवर्षीच उघडतात, म्हणून मी त्याला अजून बरं म्हणाले नाही. फेब्रुवारीत मशरूमने दोन पिल्लं सोडली. त्या मेलेल्या केशरी वसाहतीच्या दगडावर, फटीत, एक पॉलिप उरला होता, त्याचे आता चार झालेत. लेदरने मार्चमध्ये कात टाकली. दादाचा घाबरून फोन आला, मी म्हटलं दहा दिवस थांब, आणि नवव्या दिवशी फोटो आला. गोगलगाय आधी एकच आणली, टाकीतल्याच पाण्याच्या बरणीत चार दिवस ठेवली, काचेवर फिरत राहिली, मग आत सोडली. नवी कोळंबी अजून आणलेली नाही. ती ऑक्टोबर छाटणीची बोर्डो होऊन दोन पाणीबदल सुखरूप गेले की आणायची, असं आमचं ठरलंय.